मागचं चाक

सकाळी साडेसहाला मी ओट्यावर बसून चहा बशीत ओतत होतो. आधी बशीतला चहा थरथरला, मग कपातला, मग आमच्या कंपाउंडची भिंत. भिंत पडताना धडाम असा आवाज होतो अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. शेवटच्या बाकावरचा मुलगा झोपेत हळूच शेजाऱ्याच्या खांद्यावर कलतो, तशी ती कोपऱ्यापासून कलली आणि बोगनवेलीला कुशीत घेऊन अंगणात निजली. धूळ बसल्यावर पलीकडे एक ट्रक उभा दिसला. त्याच्या फाळक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'अंतर ठेवा'. ही सूचना मागून येणाऱ्यांसाठी असते. बाजूच्या भिंतींना कुणी काही कळवत नाही.

भिंतीवर संगमरवराची पाटी होती. तिच्यावर माझ्या नावाखाली 'निवृत्त मुख्याध्यापक' असं कोरलेलं होतं. त्यातला मुख्याध्यापक फुटला, निवृत्त तेवढा शाबूत राहिला. सौ. बाहेर आली, पाटीकडे बघून म्हणाली, "चला, खरं होतं तेवढं वाचलं."

आमचं घर लासलगावच्या अलीकडे, अगदी वळणावर. रस्ता इथं काटकोनात वळतो आणि कांदा व्यापाऱ्यांच्या खळ्यांकडे जातो. कोपऱ्यावरचा प्लॉट मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. कोपऱ्यावरच्या प्लॉटला दोन्हीकडून रस्ता असतो हे ठाऊक होतं. रस्त्यालाही दोन्हीकडून प्लॉट असतो, हे त्या दिवशी कळलं.

ट्रकच्या केबिनचं दार उघडं होतं आणि ड्रायव्हर पळत होता. आता पळायचंच तर पलीकडे मका डोक्याइतका वाढला होता. पण हा घुसला द्राक्षबागेत, आणि दिवस एप्रिलचे. खरड छाटणी होऊन गेलेली. अख्ख्या एकरात लपायला एक पान नाही. नुसत्या काड्यांच्या मांडवाखाली, वीस पावलांवर, तो झाडामागे लपला आहे अशा समजुतीनं उभा होता आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. चेहरा ओळखीचा वाटला. नाव आठवेना. माझं हे नेहमीचंच. चौतीस वर्षं हजेरी घेतल्यावर माणसाला नावं राहत नाहीत, आकडे राहतात. मी नकळत ओरडलो, "एकतीस!"

बागेतून आवाज आला, "हजर सर!"

आणि पोरगा मान खाली घालून निमूट बाहेर आला. पळून गेलेल्या ड्रायव्हरला परत आणण्याची याहून स्वस्त यंत्रणा पोलिसांकडे नाही. पाच वर्षांपूर्वी हा माझ्या दहावीच्या वर्गात होता. तिसऱ्या रांगेत, खिडकीशी. खिडकीतून रस्ता दिसायचा, आणि रस्त्यावर ट्रक. म्हणजे तसं पाहिलं तर अभ्यास त्यानं शाळेतच सुरू केला होता.

"पळालास का रे?" मी विचारलं.

"सगळे पळतात सर."

हे उत्तर चूक म्हणता येत नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये ड्रायव्हरनं जखमीला दवाखान्यात न्यावं, पोलिसांना खबर द्यावी, असं सगळं नीट लिहिलेलं आहे. त्याच कलमात एक मोकळीकही आहे : जमाव खवळला असेल तर मदतीपुरती सूट. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला आपला जमाव चांगला ठाऊक होता. पुढे नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, माणूस दगावल्यावर न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आली. त्यावर जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या आणि आपण सगळे पेट्रोल पंपावर बाटल्या घेऊन रांगेत उभे राहिलो. जुलैमध्ये संहिता लागू झाली, तेवढं पोटकलम मात्र बाजूला ठेवलं गेलं. एकतीस नंबरला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक की मोठी गाडी आणि लहान गाडी यांच्यात चूक मोठ्या गाडीची असते. गाडी आणि भिंत यांच्यातला नियम त्याला कुणी सांगितला नव्हता, म्हणून त्यानं आपला सर्वसाधारण नियम लावला.

तोवर माणसं जमली. आमच्या गावात माणसं जमायला भिंत पडावी लागत नाही, पण पडली तर बरं असतं. हवालदारांनी मोटारसायकलवर बसल्या बसल्याच विचारलं, "कुणाला लागलं?" "भिंतीला," मी म्हणालो. "मग आपसात बघा," म्हणून ते निघून गेले. मग शेठ आले. शेठ म्हणजे गाडीमालक. पांढरी जीप, पांढरे कपडे, कपाळाला गंध आणि कानाला कायमचा फोन. आल्या आल्या त्यांनी एकतीस नंबरच्या पाठीत एक धपाटा घातला. हा आपल्याकडे प्राथमिक चौकशी अहवाल समजला जातो.

त्यानंतर जबाबदारी निघाली. लग्नाच्या पंगतीत मिठाचं भांडं फिरतं, तशी ती फिरली. प्रत्येकानं चिमूटभर घेतली आणि पुढे सरकवली. शेठ म्हणाले, पोरगं नवीन आहे. पोरगं म्हणालं, क्लीनर नव्हता, बाजूला बघणार कोण? शेठ म्हणाले, क्लीनर कशाला पाहिजे, आरसा आहे की. आरसा आहे, पण तो तीन आठवड्यांपूर्वी एका टेम्पोनं मुडपला होता आणि तेव्हापासून त्यात फक्त आकाश दिसायचं. टेम्पोवाला गर्दीत होताच. तो म्हणाला, मी तरी काय करणार, समोर विजेचा खांब. खांबाचं म्हणणं कुणी विचारलं नाही, पण खांब पुढे आला तो रस्ता रुंद करताना आणि रस्ता रुंद झाला तो फक्त कागदावर, असं दोघातिघांनी सांगितलं. मग कुणीतरी मागून, गर्दीच्या पोटातून, अगदी सहज म्हणालं, "तशी सरांची भिंतपण दीड फूट रस्त्यातच आहे म्हणा."

मी ताबडतोब सगळ्यांना चहा सांगितला.

चहा पिताना शेठनी शेवटचा घाव घातला. "सर, हा तुमचाच विद्यार्थी ना? गणिताला तुम्हीच होतात ना?" होतो. आणि नुसता होतो असं नाही. दहावीच्या सराव परीक्षेत एकतीस नंबरला भूमितीत किती गुण पडले होते ते मला लख्ख आठवत होतं, कारण त्याला पस्तीसपर्यंत पोचवताना मला एकाच पायरीचे दोनदा गुण द्यावे लागले होते. प्रमेय होतं पायथागोरसचं. सिद्धता लिहायची सोडून त्यानं काटकोन त्रिकोण काढला होता आणि त्याला चाकं लावली होती. मी हसलो होतो आणि म्हणालो होतो, जाऊ दे पुढं.

आता त्याच त्रिकोणानं माझी भिंत पाडली होती. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत. ती आतून, कोपरा कापत येतात. वळणाचा मध्य, मागचा आस आणि पुढचा आस असे तीन बिंदू जोडले की मागच्या आसापाशी काटकोन होतो. दहा टायरी गाडीच्या पुढच्या आसापासून मागच्या दोन आसांच्या मध्यापर्यंत अंतर धरा ५ मीटर. पुढचा आस १३ मीटरच्या त्रिज्येवर फिरला, तर तेराचा वर्ग एकशे एकोणसत्तर, वजा पंचवीस, उरले एकशे चव्वेचाळीस, त्याचं मूळ बारा. मागचा आस एक मीटर आतून जाणार. हिशोब ढोबळ आहे, गाडी अशी पूर्ण वर्तुळात फिरत नाही. तरी मी टेप आणून मोजलं. कोपऱ्यापासून भिंत आत गेली होती ती सव्वातीन फूट. एक मीटर. पाच-बारा-तेरा. चौतीस वर्षं हे त्रिकूट मी फळ्यावर लिहिलं, आणि प्रात्यक्षिक व्हायला निवृत्त व्हावं लागलं.

"तुला मागचं चाक आत येतं हे कुणी शिकवलं नाही?" मी विचारलं.

"तुम्ही नाही का शिकवलं, सर?" तो भाबडेपणानं म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो खरंच विचारत होता.

मग एकतीस नंबर ड्रायव्हर कसा झाला याची कहाणी तुकड्यातुकड्यानं निघाली. अठरा पूर्ण होताच लहान गाडीचं लायसन्स. मग पिकअपवर कोथिंबीर आणि टोमॅटो घेऊन नाशिकच्या फेऱ्या. मालवाहू गाडीला वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात आणि त्याआधी लहान गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष हातात लागतं. ही दोन्ही कलमं त्यानं नुसतं वाढून आणि वाट बघून पार केली. पूर्वी आठवी पास ही अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. म्हणजे माझी ढकललेली दहावीसुद्धा त्याच्या काही कामाला आली नाही. मोठ्या गाडीची परीक्षा झाली ती सपाट मैदानात, रिकाम्या गाडीवर, दुपारी. नोकरी लागली ती रात्री, भरल्या गाडीवर, घाटात. चार महिने खळ्यावर गोण्या भरताना गाडी पुढंमागं केली. मग जुना ड्रायव्हर बहिणीच्या लग्नाला गेला तो आलाच नाही, आणि शेठनी ऑफिसच्या दारातून किल्ली फेकली. "चालव." त्यानं झेलली. प्रशिक्षण तेवढंच, किल्ली हवेत होती तोवर.

मोठी गाडी मागं घेताना पाठीमागं एक माणूस उभा राहून फाळका थापटत ओरडतो ना, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…" आणि अगदी शेवटी, कधी कधी आपटल्यावर, "बस्स!" या पोराच्या आयुष्यात ते "येऊ द्या" म्हणणारे खूप झाले. त्यात पहिला मी.

मला नावं ठेवायला तोंड नव्हतं, कारण बावन्नाव्या वर्षी मीही मोटार शिकलो होतो. नाशिकच्या एका ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. शिकवणाऱ्याच्या पायाखाली स्वतःचा क्लच, स्वतःचा ब्रेक. पंधरा दिवस मी गंगापूर रोडवरून अशी सफाईनं गाडी काढली की मला स्वतःचं कौतुक वाटायचं. सोळाव्या दिवशी स्वतःच्या गाडीत एकटा बसलो तेव्हा लक्षात आलं की इतके दिवस गाडी त्यानं चालवली, मी फक्त हॉर्न आणि फी सांभाळली.

भिंतीचा निकाल लागायचा होता. विम्याचं नाव काढताच शेठ कळवळले. नो क्लेम बोनस जातो, सर्व्हेअर येतो, फोटो काढतो. त्यापेक्षा मी मिस्त्री पाठवतो आणि खर्च पोराच्या पगारातून कापतो. शेठच्या तोंडून हे इतकं ओघात आलं की हा मार्ग बराच वापरातला असावा. पोराचा पगार किती, भिंत केवढी? माझ्या हिशोबानं पुढची दिवाळी त्यानं माझ्या विटा फेडण्यात काढली असती. मी म्हणालो, "शेठ, कापू नका. त्यापेक्षा त्याला शिकवा." शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ट्रकला घास भरवायला सांगतोय. "शिकवायला लागतं काय त्यात? गाडी चालवली की येती."

पण शेठ मनानं वाईट नाहीत आणि गावात सरांचा शब्द अजून अर्धा तरी चालतो. त्यांनी वस्तादला फोन लावला.

वस्ताद म्हणजे शेठच्या वडिलांच्या काळचा ड्रायव्हर. वय सत्तरीच्या आसपास, लुंगी, खांद्यावर पंचा, डोळ्यांत चाळीस वर्षांचं जागरण. आला, भिंत पाहिली, माझ्याकडे बघून म्हणाला, "मऊ होती." मग ट्रककडे गेला आणि पोराशी एक शब्द न बोलता सगळ्या चाकांभोवती एक प्रदक्षिणा घातली. हातात लोखंडी टॉमी. प्रत्येक टायरवर एक ठोका आणि कान तिरका. सहाव्या टायरपाशी थांबला. "हा बद्द वाजतोय. हवा कमी हाय." मोजलं तर खरंच कमी. पोरगा बघतच राहिला. त्यानं आजवर टायर फक्त पाहिले होते, ऐकले नव्हते.

वस्तादचं शिक्षण जुन्या विद्यापीठातलं. सात वर्षं क्लीनर. पहिलं वर्ष चहा आणणं आणि काच पुसणं. दुसरं वर्ष ताडपत्री आणि दोरखंडाच्या गाठी. भर पावसात सुटणार नाही आणि उतरवताना एका हिसक्यात सुटेल अशी गाठ. तिसऱ्या वर्षी टायर आणि पाटे. चौथ्या वर्षी पहाटे इंजिन चालू करून ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत काट्याकडे बघत बसायचं, आणि काटा वर येईस्तोवर गिअरला हात लावला तर पाना डोक्यात. पाचव्या वर्षी आवारात गाडी लावायची परवानगी. सहाव्या वर्षी, चांदण्या रात्री, मोकळ्या रस्त्यावर, वस्तादच्या वस्तादला डुलकी आली म्हणून पहिल्यांदा दहा मैल. सातव्या वर्षी पागोटं. या विद्यापीठात शिव्या हेच माध्यम होतं आणि गळती भरपूर होती. त्याचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. तिथून ड्रायव्हर बाहेर पडायचा तसे अपघातही बाहेर पडायचेच. पण निदान एक माणूस शेजारी बसलेला असायचा. आता क्लीनर परवडत नाही, म्हणून वर्गच बंद झाला आणि परीक्षा तेवढी चालू राहिली.

सरकारचंही एक शास्त्रशुद्ध शिक्षण आहे. मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा, सिम्युलेटर, खास ट्रॅक, सगळं. मी हे शेठना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अडतीस तासांत माझी गाडी वाशीला दोनदा जाऊन येते." आणि हे सांगताना त्यांना त्यात काही अडचण दिसत नव्हती. मोटार परिवहन कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता, त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम सांगितलं होतं, हेही मी वाचून दाखवणार होतो. पण वस्तादला हसताना ठसका लागला आणि विषय राहिला.

पहिला वर्ग खळ्यावर भरला. मला राहवेना. शाळेच्या कोठीतून फक्कीची पिशवी आणली, ताडपत्रीची दोरी घेतली आणि खळ्याच्या मोकळ्या आवारात १३ मीटरचं आणि १२ मीटरचं अशी दोन वर्तुळं मारली. कांदा निवडणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. "सर, कबड्डी हाय का?" मी समजावायला सुरुवात केली. आस, त्रिज्या, काटकोन, कर्णाचा वर्ग. एकतीस नंबर दहावीत बसायचा तसा बसला होता. डोळे माझ्याकडे, मन पिंपळगावला. शेवटी एक मावशी उठल्या, टोपलं बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "डोक्यावर सरपणाची लांब मोळी घेऊन बोळातून वळलायस का कधी? तोंड वळलं म्हणून मोळी वळती व्हय? तिचं मागलं टोक भिंत घासतंच. मंग काय करतो आपण? आधी सरळ पुढं जातो, मंग वळतो." आणि पुन्हा टोपल्यापाशी जाऊन बसल्या.

पोराचे डोळे चमकले. "म्हंजे बाहेरनं घ्यायची! कोपरा ओलांडून पुढं जायचं, मग कापायची!"

अडीच हजार वर्षांच्या पायथागोरसला मावशींनी दीड मिनिटात बाहेर काढलं. तांत्रिकदृष्ट्या मोळी आणि ट्रक यांच्यात फरक आहे हे मी सांगणार होतो. पण पोरगा गाडीवर चढला होता आणि त्यानं ती फक्कीच्या रेषेवरून अशी वळवली की आतली रेघ पुसली गेली नाही. मी गप्प बसलो. शिक्षकाला हे निवृत्तीनंतरच जमतं.

आठ दिवस वस्ताद त्याच्यासोबत फिरला. तिसऱ्या खेपेला मलाही घेऊन गेले. गाडीचा एसी म्हणजे क्लीनरच्या बाजूची न लागणारी काच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं आहे हे मी सांगितलं, तेव्हा वस्ताद म्हणाला, "पोरांचं नशीब. आम्हाला गरमीनंच जागं ठेवलं."

वाटेत पोरानं रास्त शंका काढली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला उघडला, आता बोगद्यातून थेट खाली उतरता येतं, मग कसारा घाट शिकायचाच कशाला? वस्तादनं फोन स्पीकरवर टाकून शेठना विचारलं. शेठ म्हणाले, "टोल तू भरणार का?" तेव्हा घाट अभ्यासक्रमात राहिला.

इगतपुरीला घाटाच्या तोंडाशी घाटनदेवी. गाडी बाजूला लागली. वस्ताद चप्पल काढून हात जोडून आला आणि परत येताना पुन्हा ती टॉमी घेऊन चाकांची प्रदक्षिणा. ठोका, कान, ठोका, कान. ड्रमला हात लावून बघितला, हवेचा काटा बघितला, दोर ओढून बघितला. मी म्हणालो, "वस्ताद, देव मानता की टायर?" तो म्हणाला, "देवी काय करती सर, ती गाडी थांबीवती. बाकीचं आपुन करायचं. ती नसती तर एकबी गाडी हितं थांबली नसती." मी या दृष्टीनं देवस्थानांचा विचार कधी केला नव्हता.

मग उतार. पाठीशी वीस टनांच्या आतबाहेर काहीतरी, सगळा कांदा. कायद्यानं दहा टायरी गाडीचं भरलेलं एकूण वजन २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन केलं; शेठनी त्या निर्णयाचं स्वागत तो यायच्या कितीतरी वर्षं आधीपासून केलेलं होतं. उतार लागताच एकतीस नंबरचा हात सवयीनं गिअरकडे गेला. पिकअपवर असताना तो उतारावर गाडी न्यूट्रल करायचा. डिझेल वाचतं. वस्तादनं त्याच्या हातावर फटका मारला नाही, नुसता आपला हात वर ठेवला.

"हात सोड. ज्या गिअरमधी चढला असतास, त्याच गिअरमधी उतरायचं. न्यूट्रल केली म्हंजे इंजिननं हात सोडला. मंग सगळं वजन ब्रेकवर. ब्रेक दाबून दाबून तापत्यात, आन् तापले की पाय खाली जातो पण गाडी ऐकत न्हाई. डिझेल वाचतंय, तू वाचत न्हाईस."

गाडी गुरगुरत, चालत्या माणसाच्या वेगाच्या जरा वर, उतरत होती. मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न देऊन बाजूने जात होता. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी झाली, पण वाचायला नाही. लोकांना ते पाठ आहे. एका मोटारीतल्या गृहस्थानं काच खाली करून आमच्या तिघांच्या आयांची चौकशी केली. पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पायाची पोटरी ताठली. वस्ताद म्हणाला, "त्याला जाऊ दे. त्याच्यामागं कांदा न्हाई."

मी त्या वेळी दाराच्या दांडीला धरून बसलो होतो आणि अथर्वशीर्ष म्हणत होतो, हे पोराला दिसू नये म्हणून बाहेर निसर्ग बघितल्यासारखं करत होतो. कसाऱ्याला उतरलो तेव्हा माझे गुडघे एकमेकांशी बोलत होते. पोरगा खाली उतरला, त्यानं स्वतः होऊन पुढच्या ड्रमजवळ तळहात नेला, आणि काही न सांगता वस्तादकडे बघितलं. वस्तादनं मान हलवली. चौतीस वर्षांत मी इतक्या कमी शब्दांत कुणाला पास केलं नव्हतं.

मी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसून परत आलो. जीपवाल्यानं तो घाट अकरा माणसं भरून, एका हातानं फोनवर बोलत, मला डोळे मिटायला लावून चढवला. त्याला कुणी शिकवलं होतं ते मी विचारलं नाही.

दरम्यान मिस्त्री आला होता. त्यानं जुन्या पायावर दोरी धरली, तशी मी म्हणालो, "जरा आत घ्या. दोन फूट. आणि कोपरा काटकोनात नको, तिरका कापा." मिस्त्रीनं सौ.कडे पाहिलं. सौ.नं माझ्याकडे पाहिलं. "दीड फुटाचं ऐकलं होतं मी," ती म्हणाली, "वरचा अर्धा फूट व्याज का?" मी म्हणालो, वास्तुशास्त्र. नैऋत्येचा कोपरा बोथट असलेला चांगला. घरात शांतता राहते. खरोखरच राहिली, त्या दिवशी ती माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. पाटी मात्र मी नवी केली नाही. 'निवृत्त' एवढाच तुकडा घासून पुसून लावला. पोस्टमनला कळतं.

पावसाळ्याच्या तोंडाला कांद्याची शेवटची गर्दी होती. सकाळची वेळ, मी ओट्यावर, चहा बशीत. वळणावर ब्रेकच्या हवेचा सुस्कारा ऐकू आला म्हणून मान वर केली. एकतीस नंबर. गाडी कोपऱ्याच्या अलीकडे थांबवली होती. भिंत आता दोन फूट आत होती, कोपरा तिरका होता. डोळे मिटून गेला असता तरी चाललं असतं. तरी तो उतरला. आधी पुढचं चाक बघितलं, मग मागची, मग माझ्या भिंतीशी आला, तिला हात लावला, तिथून मागच्या चाकापर्यंत पावलं मोजली. सरळ झालेल्या आरशात डोकावून बघितलं. मला पाहिल्यावर दोन्ही हात जोडले आणि पुन्हा सावकाश मागच्या बाजूला गेला, दोर बघायला.

मागं रांग लागली होती. दोन पिकअप, दूधवाला, एक ट्रॅक्टर, शाळेची गाडी. सगळे हॉर्न वाजवत होते. सगळ्यात जोराचा हॉर्न रांगेच्या शेवटून येत होता, थांबतच नव्हता, म्हणून मी उठून कठड्यापाशी जाऊन पाहिलं. पांढरी जीप होती. शेठ खिडकीतून अर्धे बाहेर आले होते, फोन अजून कानालाच, आणि दुसरा हात हलवून ओरडत होते :

"अरे बघत काय बसलास तिथं? येऊ दे, येऊ दे, येऊ दे!"